ट्रॉलीवरचा ट्रॅक्टर

द्राक्षबागेच्या दोन ओळींतून सहज फिरणारा लहान ट्रॅक्टर आता सीमाभागातील पुष्कळ घरांच्या अंगणात उभा असतो. अथणी-विजयपूरकडील बागाईतदारांना तो फवारणीस हवा असतो, तर खानापूरकडील भातशेतकऱ्यांना चिखलणीस. लांबच्या गावी न्यावयाचा झाल्यास तो स्वतःच्या चाकांवर न नेता मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टेंपोच्या हौद्यात चढविला जातो. त्यानंतर काय होते, ते आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. काथ्याच्या सोलाचे दोन वेढे घातले जातात, चाकापुढे एखादा दगड ठेवला जातो, आणि घरातील एखाद्या तरुणाला ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसवून "ब्रेक दाबून धर" असे सांगण्यात येते.

या शेवटच्या गोष्टीसाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत. तो मुलगा म्हणजे बांधणीतील उणीव भरून काढण्यासाठी बसविलेला माणूस होय. पण ब्रेकने फक्त चाक फिरायचे थांबते. चाक न फिरताही ट्रॅक्टर हौद्याच्या पत्र्यावरून घसरू शकतो. पत्र्यावर धान्याचा भुसा, ओली माती किंवा सांडलेले तेल असेल तर रबराची पकड फारच थोडी उरते. यंत्र कलंडले, तर त्याखाली सापडणारा पहिला माणूस तोच. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी केवळ कायद्याने सक्तीच्या विम्यापोटी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न किती जोराचा आहे? अशा ट्रॅक्टरचे वजन, अवजार न जोडता, आठशे किलो धरू. युरोपातील मालवाहतुकीच्या नियमांत बांधणीचा हिशेब करताना पुढच्या दिशेस वजनाच्या ०.८ पट आणि बाजूस व मागे ०.५ पट जोर धरतात. म्हणजे चालकाने करकचून ब्रेक लावला की सुमारे साडेसहाशे किलो वजनाच्या भाराइतका रेटा पुढे येतो. घाटातले गणित निराळे. वीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घेतले, तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जोर ट्रॅक्टरला बाहेरच्या बाजूस ढकलतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. आंबोली किंवा चोर्ला उतरताना उताराचा ओढा आणि वळणाचा रेटा एकाच वेळी सोसावा लागतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर हलून जातो. सोल व दोर गवताच्या भाऱ्यासाठी उत्तम; येथे साखळी किंवा रुंद रॅचेटचा पट्टाच हवा, आणि पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरील भारक्षमता वाचूनच तो घ्यावा.

चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या हव्यात. एकच लांब साखळी सगळीकडून फिरविली, तर एक कडी तुटताच सारी बांधणी सैल होते. मागील दोन साखळ्या मागच्या आसाला किंवा ड्रॉबारच्या मजबूत चौकटीला, पुढील दोन पुढच्या आसाच्या भक्कम भागाला. टाय रॉड, मडगार्ड, पायरी, दिव्यांची चौकट यांना साखळी लावणे म्हणजे तेच भाग मोडून घेणे. साखळ्या कोपऱ्यांकडे तिरप्या जाव्यात. सरळ खाली ओढणारी साखळी ट्रॅक्टरला फक्त दाबते, पुढे किंवा बाजूला सरकण्यास पुरेसा अडसर करीत नाही.

टायरांत हवा असल्यामुळे ते स्प्रिंगसारखे दबतात. पहिल्या खड्ड्यात टायर दबला की ताणलेली साखळी क्षणभर सैल पडते आणि आकडा निसटण्याची वाट मोकळी होते. म्हणून आकड्यांना खिट्टी हवीच, आणि निघाल्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून चारही साखळ्या पुन्हा ताणाव्यात. ही पाच मिनिटे कोणाला जड जातात, हे आम्हांस कधी कळले नाही. चहाला तर थांबतातच!

रोटाव्हेटर जोडलेला असल्यास तो खाली टेकवून वेगळ्या साखळीने बांधावा. इंजिन बंद असताना हायड्रॉलिकच्या भरवशावर अवजार वर ठेवू नये.

चढविण्याची रीतही जपून पाळावी. ट्रॅक्टरचे अधिक वजन मागील चाकांवर असते. फळ्यांवरून तोंड पुढे करून चढताना पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटण्याचा धोका असतो, म्हणून तो उलटा, मागील चाके पुढे करून, अगदी सावकाश चढवावा. त्या वेळी फळीच्या बाजूला किंवा खाली कोणी उभे राहू नये. दोनचाकी ट्रॉलीत त्याची जागा अशी निवडावी की भाराचा मध्य ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे पडेल. भार मागे गेला की ट्रॉलीचा पुढचा दांडा उचलला जातो आणि मागचा भाग रस्त्यावर डुलू लागतो. मग गिअर टाकावा, हँडब्रेक ओढावा, चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी गुटके ठोकावेत आणि फाळका लावावा. फाळका हा अडसर मानू नये. बांधणी त्याच्या आधाराशिवायच पुरी असली पाहिजे.

बैठक रिकामी. मुलाने पुढे केबिनमध्ये चालकाशेजारी जागा असेल तर तेथे बसावे, नाहीतर बसने यावे.

मुक्कामी पोहोचल्यावर उतरविण्याची घाई होते. ट्रॉली सपाट जागी आणून तिच्या चाकांना गुटके लावावेत, मगच साखळ्या एकेक करून सोडाव्यात. ताणलेला खटका सोडताना तो उसळतो, तेव्हा चेहरा त्याच्या रेषेत आणू नये. ट्रॅक्टरच्या चाकांखालचे गुटके शेवटी काढावेत, आणि तेही चालक बैठकीवर चढून पाय ब्रेकवर ठेवल्यावर.