पहिला नंबर आणि वर्गाचा प्रतिनिधी

जेएनयूतल्या विद्यार्थी निवडणुकीतल्या अध्यक्षीय वादसभेवर आज लिहीन असे म्हटले होते. ते पुढच्या आठवड्यात. सांगली जिल्ह्यातल्या एका प्राध्यापिकेचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न आधी घ्यायलाच हवा. त्या विचारतात, "पहिल्या आलेल्या मुलाला वर्गप्रतिनिधी (सीआर) केले तर बिघडते कुठे? निदान मारामाऱ्या तरी होत नाहीत."

मारामाऱ्यांची भीती खरीच होती. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पालक धास्तावले, प्राचार्यही. पुढे १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने मतपेटी आवाराबाहेर काढली. प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेत चमकलेला एक विद्यार्थी घ्यायचा. जोडीला क्रीडा, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक विभाग यांतले एकेक आणि दोन विद्यार्थिनी. सगळ्यांची नेमणूक प्राचार्य करणार. या मंडळींनी आपल्यातून सचिव तेवढा निवडायचा.

१९८९ हेच मतदानाचे वय २१वरून १८वर आले ते वर्ष. म्हणजे एफवायची मुलगी लोकसभेचा खासदार निवडायला लायक ठरली आणि काही वर्षांतच स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा तिचा हक्क गेला.

बिघडते ते इथे. सीआरला जे पद मिळाले ते उत्तरपत्रिकेमुळे. वर्गाने त्याला काही दिलेले नाही, त्यामुळे वर्गाला उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. निकाल लांबला, पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून महिने गेले, महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकली, शेवटचा तास संपेपर्यंत गावाकडची एसटी निघून गेली, अशा अडचणी ज्यांना रोज सोसाव्या लागतात ती मुले बहुधा मधल्या बाकांवर असतात. त्यांचे गाऱ्हाणे प्राचार्यांच्या टेबलापर्यंत न्यायला त्यांनी निवडलेले माणूस हवे. हुशार मुलावरही हा अन्याय आहे. त्याला अभ्यास करायचा असतो आणि न मागितलेले पद गळ्यात पडते.

महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर मुलांशी बोलण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. "राजकारणात आम्हाला रस नाही," हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. मग फीचा विषय काढा, परीक्षांच्या तारखांचा काढा, स्पर्धा परीक्षेच्या रखडलेल्या भरतीचा काढा. तीच मुले तासभर पोटतिडकीने बोलतात, आकडे सांगतात, एकमेकांना खोडून काढतात. मते भरपूर आहेत. ती मांडून, त्यांवर मते मागून, हरून, पुन्हा उभे राहायची जागा आपण काढून घेतली.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली गुणांवरच्या नेमणुकीचा हा मुद्दा नेमका पकडला. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के, खर्चाची मर्यादा ५ हजार रुपये, छापील पोस्टर बंद, हाताने केलेले चालतील, असे नियम तिने सुचवले. ते पुष्कळांना ठाऊक असतात. दुसरी शिफारस कमी वाचली जाते. जिथे वातावरण फारच बिघडलेले असेल तिथे काही काळ नेमणूक चालेल, पण ती निव्वळ गुणांवर करू नका, असे समितीने बजावले होते. आपल्याकडे तेव्हा नेमके तेच चालू होते.

२०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक आरक्षित प्रवर्गातला प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे, अशी ही चांगली तरतूद आहे. २०१९ साली मुहूर्त ठरला, तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि तो पुढे ढकलला गेला. मग कोरोना आला. मोठ्यांच्या मतदानासाठी मुलांचे मतदान थांबवावे, हे मला अजूनही पटलेले नाही.

तेव्हा बाई, तुमच्यापुरते एवढे करून पाहा. या जूनमध्ये वर्गात चिठ्ठ्या वाटा. उभे राहणाऱ्याला पाच मिनिटे बोलू द्या, बाकीच्यांना प्रश्न विचारू द्या, मोजणी मुलांनाच करू द्या. पहिला आलेला मुलगा निवडून आला तर उत्तमच, त्याच्या मागे वर्ग उभा असेल. आणि मोजणी मुलांच्या हाती का द्यायची, ते पुढच्या आठवड्यात जेएनयूत गेल्यावर सविस्तर सांगतो. तिथे निवडणूक आयोगही विद्यार्थ्यांचाच असतो.