पांढरीवरचं गाव

सावरगाव नावाची गावं मराठवाड्यात बरीच आहेत. गंगाखेड तालुक्यातलं सावरगाव म्हणून नावापुढे 'राणी' लावूनच ओळख सांगतं. परभणी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, बालाघाटाच्या आसऱ्याला राणीसावरगाव आहे. लोक इथं रेणुकादेवीच्या दर्शनाला येतात. मला मात्र या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात शिरताना आधी पायाखालची माती बघावीशी वाटते.

शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात कापूस, तूर, ज्वारी पिकते. पण भिंतीचा पाया ती धरत नाही. म्हणून घरं मुरमाड उंचवट्यावर बांधली गेली. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उठल्या, चुलीची राख आणि गोठ्याचं शेण त्यात मिसळत गेलं. माती पांढुरकी झाली आणि जुनं गाव आपल्याच मोडतोडीवर उंच होत गेलं. पुरातत्त्वाचे अभ्यासक अशाच टेकाडांच्या शोधात असतात. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून खोदकाम केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली आणि धान्याच्या कणग्यांच्या जागा मिळाल्या.

नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतातही शेतकऱ्यांनी अशीच गावं रचली. बांध नव्हते तेव्हा समुद्राचं पाणी थेट शेतात शिरे. म्हणून माती, शेण आणि कचरा टाकून त्यांनी टेकाडं उभारली आणि त्यांवर घरं नि चर्च बांधली. हेगेबाइंटमचं टेकाड जवळपास 9 मीटर उंच आहे. पुढे बांध झाले आणि लोकांनी ही कसदार माती खणून खत म्हणून विकली. अनेक टेकाडं तशीच गेली.

आपल्याकडे पांढरी खणली ती माळवदासाठी, म्हणजे मातीच्या सपाट छतासाठी. तुळया, त्यावर किलचं, त्यावर पाला आणि वर पांढरीचा जाड थर. मिरगाच्या आधी नवी माती टाकून धाबं चोपायचं. उजेडाला आणि धुराला वर साणं, भिंतीत धान्याचं बळद. उन्हाळ्यात असं घर थंडगार असे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छतं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाचा धसका बसला, तो रास्तच होता. पुनर्वसनाची गावं सरळ रस्त्यांची आणि चौकोनी प्लॉटांची झाली. त्यात भावकीच्या गल्ल्या आणि पारावरची बैठक हरवली.

वेस, मारुती, पार, चावडी, गढी, बारव ही मांडणी वाचकांना ठाऊक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या 'गावगाडा'त ती बारकाईने टिपली. शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात आणि तिकडे नेणाऱ्या वाटेला पांदण. पण याच मांडणीने माणसं गावकुसाबाहेर ठेवली. त्यांचं पाणी वेगळं, मसणवाटाही वेगळी. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 4 नोव्हेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली. गावाचा नकाशा काढणाऱ्याने ती विसरू नये. जुन्या गावाबद्दल हळहळताना गावकुसाची ही भिंतही नकाशात दाखवली पाहिजे.

जागीरदारी 1949 ला गेली, कूळकायदा 1950 ला आला. शेताला सात-बारा मिळाला, गावठाणातल्या घराला मात्र ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच आधार होता. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. त्यातून घराची हद्द कागदावर येते, हे चांगलंच आहे. पण बुजलेली बारव, पडलेली वेस, गल्लीचं जुनं नाव ड्रोनला दिसत नाही. राणीसावरगावच्या आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: या मोजणीच्या नकाशाची एक प्रत घ्या, मुलांना बरोबर घेऊन सत्तरीपुढच्या बायामाणसांकडे जा आणि ही नावं त्यावर लिहून घ्या. गावकुसाबाहेरच्या घरांपासून सुरुवात करा.