गुणाचे नाव, घराण्याचे नाव

मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीने १९९६ साली इटलीत, तुरिनच्या मोटार प्रदर्शनात दोन आसनांची एक देखणी गाडी मांडली. बटण दाबले की तिचे पोलादी छप्पर २५ सेकंदांत घडी होऊन डिकीत जाई. नाव ठेवले 'एसएलके'. श्पोर्टलिश, लाइश्ट, कुर्ट्स या तीन जर्मन शब्दांची ही आद्याक्षरे. अर्थ चपळ, हलकी, आखूड. म्हणजे नावातच गाडीचे गुण!

पुढे २०१६ साली कंपनीने तिचे रूप थोडे पालटले आणि नाव केले 'एसएलसी'. हा 'सी' कुठल्या गुणाचा नव्हे. कंपनीच्या 'सी-क्लास' गाड्यांच्या घराण्याचा.

बँकेत असताना लग्नानंतर नाव बदलून घ्यायला आलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या. खाते तेच, शिल्लक तीच. नमुना सही तेवढी नवी. ती करताना एखादीचे पेन क्षणभर अडे.

गाडीचे काय, तिला मन नसते. २०२० साली तिचे उत्पादनही थांबले. पण वाचकहो, हिशेब दोन्हीकडे एकच आहे. ही कशी, हे पुसायचे आणि ही कोणाची, तेवढे लिहायचे.