छापलेलं हरवलं, लिहिलेलं उरलं

वेंगुर्ल्यात श्रावणात पोथी लागते तेव्हा समोर असते ती बहुधा छापील प्रत, आणि छापलं की ग्रंथ टिकला असं आपण धरून चालतो. जवळच, तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात, हा समज खोटा ठरला आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि बायबलची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. ते ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्यातली एकही छापील प्रत आज सापडत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषांवरच बंदीचा हुकूम काढला. मराठी पुराणाला तिथे छापखाना मिळण्याची आशाच उरली नाही. ग्रंथ जगला तो नकलून घेणाऱ्यांमुळे. जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळुरात काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवरूनच उभी राहिली.

नक्कल म्हणजे हमाली, असं म्हणणाऱ्याने रोमन लिपीतली एक ओवी उतरवून पाहावी. ‘श’साठी पोर्तुगीज वळणाचा एक्स येतो तो ठीक, पण ‘त’ आणि ‘ट’ वेगळे राखायचे तर नुसती नजर पुरत नाही; मराठी कानात असावी लागते, नाहीतर ‘पाट’चं ‘पात’ झालेलं हाताला कळणारही नाही. यमक मात्र नकलणाऱ्याच्या बाजूचं असतं. पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळा. चरणाच्या शेवटचं अक्षर चुकलं की ओवी लगेच अडखळते. मधल्या शब्दाला असा पहारा नाही, त्यामुळे पाठभेद तिथे बिनबोभाट शिरू शकतात.

आक्षेप इथेच येतो: हात बदलला की ग्रंथ बदलतो. खरं आहे. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातली ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत रोमन परंपरेपासून शब्दाशब्दाला दूर जाते. पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागी तिथे संस्कृत वळणाचे शब्द आहेत. पण दोन प्रती शेजारी ठेवल्यामुळेच तो फरक दिसतो. छापील चूक मात्र शेकडो प्रतींत एकसारखीच असते, म्हणून ती बरोबर वाटते. डच पंडित इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा ‘प्रकटीकरणा’साठी त्याच्यापाशी एकच हस्तलिखित होतं, तेही शेवटचं पान गळालेलं. अखेरची वचनं त्याने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये घातली, आणि त्याचं ते ग्रीक पुढच्या आवृत्त्यांतूनही रेंगाळलं. ते उघडं पडलं भिक्षूंनी आणि पंडितांनी हाती लिहिलेल्या इतर ग्रीक प्रतींशी ताडून पाहिल्यावर. एकनाथांनीही १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. प्रती अशुद्ध झाल्या होत्या म्हणून शोधन करावं लागलं हे कबूल, पण त्यासाठी आधार होता तोही प्रतींचाच.