दुडकी चालीवरची मांड

वयाच्या ५२ व्या वर्षी एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने घोड्यावर बसायला शिकावे, हा विचारच माझ्या कुटुंबीयांना विनोदी वाटला. व्यवसायबंधूंनी तर माझ्या मांडीच्या हाडाच्या मानेवर कोणी शस्त्रक्रिया करायची, याची वाटणीही करून टाकली. तरीही मी इंदूरबाहेरच्या एका छोट्या तबेल्यात दर रविवारी पहाटे जाऊ लागलो. आपले पूर्वज होळकरांच्या घोडदळामागोमाग नर्मदा ओलांडून माळव्यात आले, हे आपण स्नेहसंमेलनांतून अभिमानाने सांगतो. आपल्यापैकी घोड्यावर बसलेले किती, हा प्रश्न मात्र वऱ्हाडातल्या नवरदेवापाशीच संपतो.

आपल्या भाषेने या विद्येची एक खूण जपून ठेवली आहे. घोड्यावरील बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात. मांड पक्की असणे हीच स्वाराची परीक्षा, आणि ती परीक्षा घोड्याची दुडकी चाल घेते. कदम चालीत कोणीही बसू शकतो. धावत्या घोड्याची चालही झोपाळ्यासारखी असल्याने तितकीशी अवघड नाही. दुडकी चालीत मात्र नवशिक्याचे दात एकमेकांवर आपटतात.

याचे कारण त्या चालीच्या रचनेत आहे. दुडकीत घोड्याचे समोरासमोरचे पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा व मागचा उजवा एकदम, नंतर पुढचा उजवा व मागचा डावा. दोन जोड्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही खूर हवेत असतात. म्हणजे एका पूर्ण पावलात पाठ दोनदा वर उसळते आणि दोनदा खाली जाते. मिनिटाला सुमारे ७५ ते ८० पावले धरली, तर स्वाराच्या बुडाखाली दीडशेहून अधिक उसळ्या येतात. पहिली उसळी स्वाराला वर फेकते. घोड्याची पाठ खाली जाऊ लागली तरी स्वार अजून वरच असतो, आणि तो खाली येतो तेव्हा पाठ पुन्हा वर निघालेली असते. त्या दोघांची टक्कर होते. सारा बिघाड अर्ध्या मात्रेचा आहे. तबल्यावर ठेका चुकला तर श्रोते तोंड फिरवतात. इथे कमरेचे मणके निषेध नोंदवतात.

युरोपातील टपालगाड्यांच्या स्वारांनी यावर एक तोड काढली. एका उसळीला रिकिबीवर उठायचे, दुसरीला बसायचे. ही उठबस मी तीन महिन्यांत शिकलो आणि स्वतःवर खूष झालो. माझे शिक्षक, एक निवृत्त रिसालदार, मात्र खूष नव्हते. ‘‘उठणे आले, आता बसणे शिका,’’ असे म्हणून त्यांनी खोगिराच्या रिकिबीच काढून घेतल्या.

आता माझे शरीररचनाशास्त्र उघडे पडले. पडण्याची भीती वाटली की माणूस मांड्या आवळतो. मांडीच्या आतील अंगाचे अॅडक्टर स्नायू ताठ होतात, गुडघे खोगिराला चिकटतात, नितंबाचा सांधा जखडतो. घोड्याचे पोट पिंपासारखे गोल असते. त्याला वरच्या बाजूने आवळले की आंब्याची ओली कोय मुठीतून निसटावी तसा स्वार वर सरकतो. म्हणजे ज्या कृतीने मी स्वतःला धरून ठेवू पाहत होतो, तीच मला खोगिरातून उचलत होती. या स्नायूंचा ताण आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘रायडर्स स्ट्रेन’ या नावाने आहे. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिले होते. आता तो मला जिना उतरताना भेटू लागला.

मला वाटे की उत्तम स्वार स्थिर बसतो. तो तसा दिसतो, एवढेच खरे. त्याचे खांदे आणि हात शांत दिसतात, कारण हालचाल त्याखाली, कटीमध्ये, चाललेली असते. प्रत्येक उसळीबरोबर कटी किंचित पुढे-मागे झुकते, कमरेची कमान क्षणभर वाढते व क्षणभर सपाट होते, नितंबाचे सांधे, गुडघे आणि घोटे आपापला वाटा उचलतात. पोटाचे आणि पाठीचे स्नायू त्या वेळी सैल नसतात. ते आळीपाळीने, अगदी ठरल्या क्षणी काम करतात. ‘अंग सैल सोडा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. पूर्ण सैल सुटलेला स्वार धान्याच्या पोत्यासारखा आदळतो.

ही गोष्ट मला माझ्या चुकीतून समजली, आणि ती चूक भोगली दुसऱ्यानेच. माझी घोडी शबनम ही तेरा वर्षांची, सोशिक जनावर. एका रविवारी मोतद्दार खरारा करता करता थांबला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहब, ज़रा इधर हाथ रखिए।’’ त्याने माझी बोटे तिच्या खोगिरामागच्या स्नायूंवर ठेवली. मी हलकेच दाबले. तिने पाठ खाली चोरली आणि कान मागे टाकले. गेली पंचवीस वर्षे मी दिवसाला कित्येक पाठी तपासत आलो आहे. ही खूण मला शिकवावी लागण्याचे कारण नव्हते. फक्त मी कधी तिथे हात ठेवला नव्हता.

दुडकीत स्वाराचा भार घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून अधिक पोहोचतो. तो आदळत पडला की घोडा पाठ ताठ करतो. ताठ पाठीची दुडकी अधिक टणक होते, स्वार अधिक उसळतो, अधिक आवळतो. वेदना, स्नायूंचे आकुंचन, पुन्हा वेदना, हे चक्र आपण रुग्णांना रोज कागदावर काढून दाखवतो. इथे त्याचा अर्धा भाग माझ्या शरीरात होता आणि अर्धा तिच्या.

शबनमला विश्रांती मिळाली. मला एका जाड पाठीच्या वयस्क घोड्यावर लांब दोरीच्या टोकाशी वर्तुळात फिरवण्यात आले, रिकिबीशिवाय आणि लगामाशिवाय. यात कमीपणा मानू नये. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधील उमेदवारही मांड तयार होईपर्यंत असेच दोरीवर राहतात. रिसालदारांची पद्धत साधी होती. दुडकी अगदी संथ हवी, आणि चार-पाच पावलेच. आवळायला लागण्याच्या आत पुन्हा कदम चाल. एका हाताने खोगिराचा पुढचा भाग धरून स्वतःला खाली ओढायचे. आणि मोठ्याने बोलत राहायचे, कारण भ्यालेला माणूस श्वास कोंडतो आणि श्वास कोंडला की धड लाकडाचे होते. मी मनगटाची आठ हाडे म्हणू लागलो. पहिले कित्येक आठवडे ‘स्कॅफॉइड, लुनेट’च्या पुढे गाडी गेली नाही, ‘ट्रायक्वेट्रल’वर जीभ चावली जाई. ज्या सकाळी मी न अडखळता ‘हॅमेट’पर्यंत पोहोचलो, त्या सकाळी रिसालदार काही बोलले नाहीत. त्यांनी दोरी थोडी लांब सोडली.

पायांच्या पकडीवर मांड अवलंबून नसते, याचा सर्वांत थोर पुरावा लिझ हार्टेल ही डॅनिश स्त्री आहे. १९४४ मध्ये, गरोदर असताना, तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज हा प्रकार स्त्रियांना प्रथमच खुला झाला. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी आधार लागणाऱ्या या स्त्रीने पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून रौप्यपदक मिळवले, आणि १९५६ मध्ये पुन्हा. ड्रेसाजच्या वरच्या पातळीवर दुडकी परंपरेने बसूनच केली जाते. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असल्यास, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत याच प्रकाराचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीतले ते ४१ वर्षांनंतरचे भारताचे पहिले सुवर्ण.

वैद्यकाच्या दृष्टीने दोन शब्द. ताजा डिस्कचा त्रास, ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी दुडकीच्या वाटेला जाऊ नये. शिरस्त्राणाशिवाय कोणीच चढू नये. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी घोड्याचा उपयोग होतो तो कदम चालीचा. तिची लय मुलाच्या कटीला माणसाच्या चालण्यासारखी हालचाल देते.

माझ्या तपासणीच्या खोलीत एक लहानसा बदल झाला आहे. जखडलेला खांदा हलवताना मी ‘अंग सैल सोडा’ असे म्हणत नाही. रुग्णाला नातवंडांची नावे विचारतो, वयानुसार क्रमाने. बहुतेक जण तिसऱ्या नावापर्यंत श्वास सोडतात.

गेल्या महिन्यात शबनमला पंधरा मिनिटे बसून दुडकी केली. खोगीर उतरल्यावर मोतद्दाराने न बोलता माझा हात पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला. मी दाबले, थोडे जोरानेच. ती गवत चघळत राहिली.