आधी मध, मग औषध

परसात इटालियन मधमाश्यांच्या एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याला दोन कामांचा मेळ घालावा लागतो: मध काढणे आणि व्हरोआ कोळ्याचा बंदोबस्त. मोहरीएवढा, तांबूस असा हा कोळी माश्यांच्या अंगाला चिकटतो आणि झाकलेल्या पिल्लांच्या घरांत वाढतो.

त्याचा उपद्रव किती, हे आधी तपासावे. पिल्लांच्या फ्रेमवर राणी नाही याची खात्री करून अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. वर पिठीसाखर टाकून बरणी हलवावी आणि पांढऱ्या कागदावर उलटी झाडावी. कोळी साखरेबरोबर खाली पडतात. माश्या जिवंत परत सोडता येतात.

मधाच्या फ्रेमची निदान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली, की मध पिकला असे समजावे. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांहून जास्त असलेला मध आंबण्याचा धोका असतो. पिल्लांच्या कोठीतला मध मात्र माश्यांसाठीच ठेवावा. पावसाळ्यात तोच त्यांची शिदोरी.

मधकोठी उतरवल्यावरच औषधाला हात घालावा. ऑक्झॅलिक आम्ल झाकलेल्या घरांत पोहोचत नाही, म्हणून पिल्ले कमी असतानाच ते गुणकारी ठरते. फॉर्मिक आम्लाची वाफ आत शिरते, पण कडक उन्हाळ्यात राणीलाही इजा करते. दोन्हींसाठी लेबलवरचेच प्रमाण, हातमोजे आणि चष्मा हवा.

आपली सातेरी माशी हा कोळी बऱ्याच अंशी स्वतःच झटकून टाकते. तिचा मोठा शत्रू म्हणजे सॅकब्रूड. तो विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविके निरुपयोगी. त्यांचा अंश मात्र मधात उतरतो.