मानेतील धमन्या : रचनेतील वेगळेपण व त्याचे महत्त्व

सर्व माणसांच्या शरीराची अंतर्गत रचना सारखीच असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात चेहऱ्यांप्रमाणेच रक्तवाहिन्यांच्या मांडणीतही भिन्नता आढळते. मानेच्या काही शस्त्रक्रियांपूर्वी डॉक्टर सी. टी. अँजिओग्राफी सुचवतात, तेव्हा ‘हा खर्च कशासाठी?’ असे नातेवाईक विचारतात. त्या प्रश्नाचे एक उत्तर या भिन्नतेत आहे.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीपासून सामान्यतः तीन शाखा निघतात. पहिली उजवा हात व मानेची उजवी बाजू, दुसरी मानेची डावी बाजू आणि तिसरी डावा हात यांना प्रामुख्याने रक्त पुरवते. गर्भावस्थेच्या आरंभी धमन्यांच्या अनेक कमानी तयार होतात. त्यांपैकी काही टिकतात, काही विरून जातात. या क्रमात किंचित फरक पडला की जन्मतःच निराळी रचना निर्माण होते. हा आजार नव्हे. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात डावी कॅरोटिड धमनी पहिल्या शाखेसोबत किंवा तिच्यातूनच निघते. पक्षाघाताच्या उपचारासाठी मांडीतून नळी सरकवून डाव्या कॅरोटिडमधील गुठळी काढताना हे वळण अवघड ठरते आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

सुमारे शेकडा ५ व्यक्तींमध्ये डावी व्हर्टिब्रल धमनी थेट कमानीपासून निघते. तिचा मणक्यातील प्रवेश अनेकदा नेहमीपेक्षा वरच्या मणक्यात होत असल्याने मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेत विशेष दक्षता घ्यावी लागते.

सुमारे शेकडा १ व्यक्तींमध्ये उजव्या हाताची धमनी कमानीच्या अखेरीस निघून बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. काहींना त्यामुळे गिळताना त्रास होतो. अठराव्या शतकात डेव्हिड बेफर्ड या इंग्रज शल्यवैद्याने अशा रुग्णाचे वर्णन करून या त्रासाला ‘निसर्गाची थट्टा’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. या रचनेत उजव्या स्वरयंत्राची नसही नेहमीचा मार्ग सोडून थेट स्वरयंत्राकडे जाते. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत ती नेहमीच्या जागी शोधली, तर तिला इजा होऊन आवाज कायमचा बसण्याचा धोका असतो.

प्रत्येक रुग्णास अशी तपासणी आवश्यक नसते; तो निर्णय डॉक्टरांचाच. परंतु तपासणीत वेगळेपण आढळल्यास त्याची नोंद केस पेपरवर ठळकपणे व्हावी आणि रुग्णाने तो अहवाल आयुष्यभर जपून ठेवावा. जन्मतः असलेली ही रचना बदलत नाही. दहा वर्षांनी अन्य गावी, अन्य रुग्णालयात तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर तेथील शल्यविशारदास पूर्वसूचना देणारा तोच एक कागद असतो. केलेल्या खर्चाचे खरे मोल अशा वेळी कळते.